फावल्या वेळचें वाचन : मातींतून उठलेला चेहरा

वाचकहो, या पानावर आम्ही ज्या पुस्तकांविषयीं लिहितों तीं बहुधा घरांतल्या वडील मंडळींच्या पसंतीचीं असतात. या खेपेचें पुस्तक तसें नाहीं. त्यानें आमच्या घरांत चांगला महिनाभर वाद माजविला. आणि वादाच्या पाठोपाठ असें कांहीं घडलें कीं, तें आपल्यापुढें मांडल्याखेरीज आम्हांला स्वस्थता वाटेना.

पुस्तक घरांत आलें तें आमच्या सूनबाईंच्या हातून. त्यांचे बंधु अमेरिकेंत असतात. मागच्या खेपेस ते आले तेव्हां त्यांनीं तें बहिणीला दिलें. नांव ‘ए क्राय फ्रॉम द डस्ट’, म्हणजे धुळींतून उठलेला आक्रोश. लेखिका कॅरी स्टुअर्ट पार्क्स. प्रकाशनाचें साल २०१४. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं सूनबाई माजघरांतल्या दिव्याखालीं तें उघडून बसत, आणि मग पहिली हांक त्यांना ऐकूं येत नसे. आमच्या कुटुंबाचा आक्षेप साधा होता : “मेल्या माणसांच्या कवट्यांची गोष्ट दिवेलागणीनंतर कशाला वाचायची?” आमच्या धाकट्या बंधूंचा आक्षेप अधिक खोल होता. ते स्नानसंध्या नेमानें करणारे. त्यांनीं पुस्तक उलटें-सुलटें करून पाहिलें, ही ख्रिस्ती कादंबरी आहे हें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि ते म्हणाले, “दादा, खुनाची गोष्ट एक वेळ चालेल. पण हें मिशनऱ्यांचें वाङ्मय आपल्या घरांत कां?”

हा प्रश्न पुष्कळ घरांत निघत असेल, म्हणून आम्हीं काय उत्तर दिलें तें सांगतों. मराठींतली पहिली कादंबरी कोणती असें विचारलें तर जाणते लोक बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’कडे बोट दाखवितात. बाबा १८५४ सालीं ख्रिस्ती झाले, आणि तें पुस्तक १८५७ सालीं निघालें. विषय कोणता, तर आपल्याच घरांतील विधवांचें दुःख. पुढें लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ आलीं. तीं तर आमच्या बंधूंच्या स्वतःच्या फळीवर आहेत, आणि त्यांतल्या कित्येक गोष्टी ते मुलांना तोंडपाठ सांगतात. लेखकाचा धर्म कोणता हा प्रश्न कांहीं गैर नव्हे. परंतु तो दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न हा कीं, तो जें सांगतो तें सचोटीनें सांगतो कीं नाहीं. यावर बंधु म्हणाले, “मग तुम्हीच आधीं वाचा, आणि आम्हांला सांगा.” अशा रीतीनें पुस्तक आमच्या हातीं आलें. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. संस्कृत वडिलांच्या हाताखालीं घोकलेलें. इंग्रजी कादंबरी म्हटली कीं शब्दकोश मांडीवर घेऊन बसावें लागतें. तरी तीन आठवड्यांत आम्हीं ती शेवटास नेली.

अमेरिकेंत ख्रिस्ती कादंबऱ्यांचा एक स्वतंत्र बाजारच आहे. बायबल आणि धर्मविषयक ग्रंथ छापणाऱ्या पेढ्या त्या काढतात. प्रस्तुत कादंबरी काढणारी थॉमस नेल्सन ही पेढी मूळ १७९८ सालीं एडिंबरोस निघालेली. आतां ती हार्पर कॉलिन्स या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या छत्राखालीं आहे. या जातीच्या रहस्यकथेंत खून असतो, पाठलाग असतो, वाचकाची झोंप उडविण्याचें सर्व साहित्य असतें. मात्र शिवीगाळ नसते, शृंगाराचा उघडा व्यवहार नसतो, आणि कोठें तरी, संकटाच्या ऐन वेळीं, माणसाला देवाशीं दोन शब्द बोलावे लागतात. सुनेनें वाचून सासूच्या हातीं निःशंकपणें द्यावी अशी ही कादंबरी असते, एवढें म्हटलें म्हणजे पुरे.

या लेखिकेचा विशेष असा कीं, जी विद्या नायिकेची तीच लेखिकेची. त्या आयडाहो संस्थानांत राहणाऱ्या. जलरंगांत चित्रें काढण्याबरोबरच पोलिसांसाठीं चेहरे काढण्याचा व्यवसाय त्यांनीं केला, आणि ती कला पतीसह पोलिसांना शिकविली. अशा व्यावसायिकाला इंग्रजींत फोरेन्सिक आर्टिस्ट म्हणतात. आपण तूर्त न्यायचित्रकार म्हणूं. न्यायचित्रकाराचीं मुख्य कामें दोन. ज्यानें गुन्हेगाराला पाहिलें त्याच्या आठवणींतून चेहरा कागदावर उतरविणें हें एक. आणि ओळख न पटलेल्या मृताच्या कवटीवरून त्याचा चेहरा पुन्हां उभा करणें हें दुसरें.

कादंबरीची नायिका ग्वेन मार्सी ही दुसरें काम करीत असतांना गोष्टीला आरंभ होतो. ती मोंटाना संस्थानांतली, कर्करोगांतून नुकतीच उठलेली, पतीनें सोडलेली, वयांत येणाऱ्या मुलीशीं रोज खटके उडणारी. म्हणजे संतपदाला पोंचलेली बाई नव्हे. आपल्या वाड्यांत कोठेंही भेटेल अशी, दमलेली आणि हट्टी. यूटा संस्थानांतील एका जुन्या हत्याकांडांतल्या मृतांचे चेहरे कवट्यांवरून घडविण्याचें काम तिला मिळतें. तें चालूं असतां एका तरुण विद्यार्थिनीचा विधिपूर्वक केलेला खून तिच्या दृष्टीस पडतो, आणि मग जुन्या हाडांचा व नव्या खुनाचा संबंध जुळूं लागतो. जुन्या भविष्यवाण्या खऱ्या करूं पाहणारी एक गुप्त मंडळी तिच्या जिवावर उठते. यापुढचें आम्ही सांगत नाहीं. सूनबाईंनीं तसें बजावून ठेवलें आहे.

परंतु तें जुनें हत्याकांड मात्र कल्पित नव्हे, आणि त्याविषयीं दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. १८५७ सालच्या सप्टेंबरांत, आपल्याकडे दिल्लीला वेढा पडला होता त्याच दिवसांत, आर्कान्सा संस्थानांतून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या कुटुंबांचा एक तांडा यूटाच्या दक्षिण भागांत माउंटन मेडोज नांवाच्या कुरणावर उतरला. यूटांत तेव्हां मॉर्मन पंथाच्या लोकांची वस्ती व सत्ता होती. जोसेफ स्मिथ यानें १८३० सालीं हा पंथ स्थापिला. इतर संस्थानांतून या लोकांना हांकलून लावलेलें; स्मिथला १८४४ सालीं इलिनॉयमधल्या तुरुंगांत जमावानें ठार केलेलें; आणि आतां सरकारी फौज आपल्यावर चालून येत आहे या बातमीनें ते धास्तावलेले. या भीतीचें आणि जुन्या सूडाचें विष त्या तांड्यावर उतरलें. कांहीं दिवस त्याला घेरून ठेवल्यावर ११ सप्टेंबरला पांढरें निशाण दाखवून, सुखरूप पोंचवूं असें वचन देऊन, प्रवाशांना शस्त्रें खालीं ठेवावयास लाविलें; आणि मग पुरुष, बायका व मोठीं मुलें मिळून सुमारें १२० जणांची कत्तल केली. मारणारे मुख्यतः तेथल्याच मॉर्मन लष्करी पथकांतले लोक होते. कांहीं पायूट इंडियनांनाही त्यांनीं हाताशीं धरलें होतें. सतरा लहान मुलें तेवढीं जिवंत ठेवलीं. सर्व सात वर्षांच्या आंतलीं. इतकीं लहान मुलें साक्ष काय देणार, हा त्यामागचा हिशेब.

या कृत्याबद्दल जॉन डी. ली या एकट्याच माणसाला शिक्षा झाली. १८७७ सालीं त्याला त्याच कुरणांत नेऊन गोळ्या घालण्यांत आल्या. मृतांचीं उघड्यावर पडलेलीं हाडें १८५९ सालीं सरकारी सैनिकांनीं गोळा करून पुरलीं व त्यांवर दगडांची रास रचली. पुढें १९९९ च्या ऑगस्टांत, नवें स्मारक बांधण्याचें काम चाललें असतां, खोदणाऱ्या यंत्राला अकस्मात् हाडें लागलीं. तीं किमान २८ माणसांचीं निघालीं. शास्त्रज्ञांना तीं तपासावयास कांहीं आठवडेच मिळाले, आणि सप्टेंबरांत तीं पुन्हां मातीआड झालीं. हा या कादंबरीच्या खालचा खडक.

आतां आमचा अभिप्राय. गोष्ट रंगते, नायिका मनांत घर करते, आणि चेहरा घडविण्याचीं प्रकरणें तर हातचीं सोडवत नाहींत. कारण तेथें लेखणी धरणारा हात माती मळलेला आहे. परंतु एक उणें दिसलें तें सांगितलें पाहिजे. रहस्य वाढविण्यासाठीं कादंबरी एका पंथाच्या सबंध इतिहासावर कपटाची सांवली पाडते. शेजाऱ्याच्या पंथाचें पाप रंगवितांना कुंचला नेहमींच जरा सैल सुटतो. हें आपल्याकडेही कोणी नाकारूं नये. खरा वृत्तांत असा कीं, २००७ सालीं, त्या घटनेला दीडशें वर्षें झालीं तेव्हां, त्याच पंथाच्या धुरीणांनीं त्याच कुरणावर उभें राहून जाहीर खेद प्रकट केला. आणि दुसऱ्या वर्षीं त्याच पंथांतील तीन इतिहासकारांचा त्या हत्याकांडावरील सविस्तर ग्रंथ ऑक्सफर्डच्या छापखान्यांतून बाहेर पडला. मृतांचा आंकडाही कादंबरींत १४० आहे. इतिहासकार सुमारें १२० मानतात. वीस माणसांचा फरक गोष्टीला क्षम्य असेल, न्यायाला नाहीं. आणि न्यायचित्रकारानें तर जें हाडांत नाहीं तें मातींत घालूं नये, हा त्या विद्येचा पहिला पाठ आहे.

हा पाठ कसा गिरविला जातो तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत रूढ असलेली पद्धत ओक्लाहोमा संस्थानांतल्या बेटी पॅट गॅटलिफ या बाईंनीं मानववंशशास्त्रज्ञ क्लाइड स्नो यांच्या साहाय्यानें बसविली; बाई २०२० सालीं वारल्या. माणसाच्या चेहऱ्यावर मांस सर्वत्र सारखें नसतें. कपाळावर तें पातळ, गालांवर जाड. वय, स्त्री-पुरुष भेद आणि वंश यांप्रमाणें त्या जाडीचीं कोष्टकें केलेलीं आहेत. तेवढ्या तेवढ्या लांबीचे रबराचे तुकडे कापून कवटीवर ठरलेल्या एकवीस ठिकाणीं चिकटवावयाचे, त्यांच्या उंचीइतक्या मातीच्या पट्ट्या त्यांमधून घालावयाच्या, आणि मग मधल्या जागा भरावयाच्या. नाकाच्या तळाशीं हाडाचा एक बारीक कांटा असतो. त्यावरून नाक किती पुढें येत असेल याचा अदमास बांधतात. पण ओठांची नेमकी ठेवण, कानाची पाळी, केंस, कांति यांविषयीं हाड मौन धरतें. तेथें कलावंताला अंदाजानें चालावें लागतें, आणि अंदाज जितका थोडा तितकें काम चोख.

मग अशा अपुऱ्या चेहऱ्याचा उपयोग काय? आम्हीं हीच शंका मनांत धरून वाचलें, आणि उत्तर मिळालें तें आम्हांला फार मोलाचें वाटलें. हा चेहरा हुबेहूब असावा अशी अपेक्षाच नसते. ज्याचें माणूस हरवलें आहे अशा कोणी तरी तो पाहावा, थबकावें, आणि “हा आमचा तर नव्हे?” असें म्हणावें, एवढ्यासाठीं तो असतो. पुढची खात्री दांतांवरून वा अन्य पुराव्यावरून करून घेतात. म्हणजे चेहरा ही नुसती हांक आहे. ओ देणारा कोणी जिवंत असला तरच तिचा उपयोग.

जेथें मृताचें छायाचित्र असतें तेथें गोष्ट निराळी. मुंबईंत जन्मलेला व तेथेंच वैद्यक शिकलेला एक पारशी डॉक्टर, बक रक्स्टन या नांवानें, इंग्लंडांत लँकेस्टर गांवीं धंदा करीत होता. १९३५ सालीं त्यानें पत्नीचा व घरांतल्या दाईचा खून करून शरीरांचे तुकडे स्कॉटलंडांत मॉफट गांवाजवळच्या एका ओढ्याच्या घळींत टाकले. ओळख पटूं नये म्हणून चेहरे विद्रूप केलेले होते. तेव्हां ग्लासगोचे ग्लेस्टर व एडिंबरोचे ब्रॅश या प्राध्यापकांनीं कवटीचें छायाचित्र घेऊन तें त्या बाईंच्या जिवंतपणींच्या छायाचित्रावर बसविलें, आणि रेषेला रेषा जुळली. इतर पुराव्याला त्याची जोड मिळाली, आणि १९३६ च्या मे महिन्यांत रक्स्टनला फांशी झाली. पण त्यासाठीं घरांत छायाचित्र असावें लागलें.

येथें आम्हांला आमच्या घराकडे वळावें लागतें.

आमची आई गेली तेव्हां आम्ही सहा वर्षांचे होतों, आणि आमचे धाकटे बंधु दहा महिन्यांचे. कोंकणांतलें आमचें खेडें. छायाचित्र काढणारा तालुक्याच्या गांवीं. आई-वडिलांच्या लग्नांतलें एकच छायाचित्र होतें, आणि पेटींत ठेवलेलें तें पावसाळ्यांतल्या बुरशीनें खाल्लें. वडिलांची पगडी तेवढी त्यांत शाबूत आहे. शेजारीं पांढरा डाग आहे. तो डाग म्हणजे आमची आई, असें आम्ही मुलांना दाखवीत आलों. आम्हांला स्वतःला तिची एकच आठवण : चुलीपाशीं एक बाई खालीं वांकलेली आहे, पदराचें टोंक तिनें तोंडावर दाबून धरलें आहे, आणि तिचे खांदे हालत आहेत. ती रडत होती, असें आम्ही साठ वर्षें धरून चाललों. कशासाठीं रडत होती हें विचारावयास कोणी नव्हतें. वडिलांना विचारण्याचें धैर्य झालें नाहीं, आणि मग तेही गेले.

कादंबरी संपली त्या रात्रीं आम्हीं ही गोष्ट प्रथमच घरांत मोठ्यानें सांगितली. सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, छायाचित्र नाहीं, पण पाहिलेलें माणूस आहे ना? आत्याबाई आहेत.” खरेंच होतें. आमची आत्या, वडिलांची धाकटी बहीण, त्याच गांवांत दिलेली; आज शहाऐंशी वर्षांची आहे. कानांनीं अधू, पण डोळे शाबूत. आईला पाहिलेलें तेवढें एकच माणूस आतां उरलें आहे. आणि बंधूंची मुलगी चित्रकलेच्या महाविद्यालयांत शिकते. कादंबरीवर ज्यांचा मूळ आक्षेप त्यांचीच ही कन्या. गेल्या वैशाखांत ती कागद-पेन्सिली घेऊन आमच्याबरोबर गांवीं आली.

पोरीनें आधीं चेहऱ्याविषयीं कांहींच विचारलें नाहीं. मोठ्यानें, आत्याच्या कानाशीं, तिनें विचारलें, “आत्याआजी, तुमच्या वहिनी सकाळीं उठून पहिलें काय करीत?” आत्या मनानें वहिनीबरोबर विहिरीवर गेली, मग गोठ्यांत, मग तुळशीपाशीं. न्यायचित्रकारही साक्षीदाराला असाच आधीं त्या जागीं, त्या वेळीं नेतो. मग चेहरा आपण होऊन जवळ येतो. आम्हांला मात्र दम निघेना. आम्ही मध्येंच म्हणालों, “आत्या, आईचा चेहरा वाटोळा होता, नाहीं कां?” आत्या आमच्याकडे पाहून हंसली व म्हणाली, “हो रे बाबा, वाटोळाच असेल.” पोरीनें पेन्सिल खालीं ठेवली. “मोठे काका, आत्याआजींना तुमचें मन मोडवत नाहीं. तुम्ही जें विचाराल त्याला त्या हो म्हणतील. तुम्ही जरा ओटीवर बसा.” पस्तीस वर्षें ज्यानें मुलांना वर्गाबाहेर उभें केलें, तो आमच्यासारखा शिक्षक मुकाट्यानें ओटीवर जाऊन बसला.

ओटीवर बसल्या बसल्या आम्हांला भागवतांतली उषेची कथा आठवली. उषेनें स्वप्नांत एक पुरुष पाहिला. तो कोण, कोठला, तिला ठाऊक नाहीं. तिची सखी चित्रलेखा देवांचीं, गंधर्वांचीं, मनुष्यांचीं चित्रें एकामागून एक काढीत गेली. प्रद्युम्नाचें चित्र पाहून उषा लाजली, आणि अनिरुद्धाचें पाहतांच मान खालीं घालून म्हणाली, तो हाच. लहानपणीं आम्हीं ही कथा चमत्कार म्हणून वाचली होती. त्या दिवशीं तिच्यांतली सचोटी लक्षांत आली. “तो सांवळा होता ना?” असें चित्रलेखेनें एकदांही विचारलें नाहीं. ती काढीत गेली, आणि ओळखण्याचा अधिकार तिनें उषेपाशींच ठेवला. पित्याचें चित्र पाहून उषेची लाज आधींच जागी व्हावी, ही खूण तर कोणत्याही पोलीस अधिकाऱ्यानें टिपून ठेवावी अशी आहे.

पहिलें चित्र आत्यानें दूर सारलें. “छान आहे गो. पण ही वहिनी नव्हे. ही देव्हाऱ्यांतली बाई.” मग कपाळ अरुंद झालें. गालांचीं हाडें वर आलीं. डाव्या भुंवईंत विहिरीच्या पायरीवर पडल्याची एक खोंक होती, ती आली. चेहरा वाटोळा नव्हताच. हनुवटीकडे निमुळता होत गेलेला होता. आंतून आवाज आमच्यापर्यंत येत होते. तेवढ्यांत आत्या म्हणाली, “आणि पुढचा एक दांत दुसऱ्यावर चढलेला होता हो तिचा. त्याची तिला मेली केवढी लाज! हंसूं आलें कीं पदर तोंडावर धरी आणि खालीं वांकून हंसे. खांदे नुसते हालायचे.”

आम्ही ओटीवरच बसून राहिलों. आंत जावेंसें वाटेना.

तिसऱ्या प्रहरीं चित्र पुरें झालें. आत्यानें तें हातांत घेतलें, दाराच्या उजेडांत नेलें, आणि कोणी कांहीं विचारण्याच्या आधीं ती चित्राशींच बोलली : “वहिनी, पोरें मोठीं झालीं गो.”

आतां जें सांगावयाचें तें सांगतांना आम्हांला संकोच वाटतो, पण खोटें लिहिणें या लेखाला शोभणार नाहीं. आम्हांला ती ओळखतां आली नाहीं. आम्हीं तें चित्र पुष्कळ वेळ पाहिलें. एका अनोळखी, तरतरीत, पंचविशींतल्या बाईचें तें चित्र होतें. आमच्या नातीच्या वयाला जवळची. माउंटन मेडोजच्या मारेकऱ्यांचा हिशेब एवढ्यापुरता खरा ठरला : सहा वर्षांचें मूल साक्ष देऊं शकत नाहीं. ही आमची आई, हें आम्हांला प्रत्यक्षानें कळलें नाहीं, अनुमानानेंही नाहीं. आत्या म्हणते म्हणून कळलें. आपल्या शास्त्रकारांनीं आप्तवाक्य हें प्रमाण मानलें आहे : जो जाणतो, आणि ज्याला फसविण्याचें कारण नाहीं, त्याचें सांगणें. विद्यार्थिदशेंत हें सूत्र आम्हीं घोकलें, पुढें मुलांकडून घोकविलें. पण आईचा चेहरा हातांत धरून तें पहिल्यानेंच समजलें. ख्रिस्ती लेखिका ज्याला श्रद्धा म्हणते आणि आम्ही ज्याला आप्तवाक्य म्हणतों, तीं दोन्हीं एकच आहेत असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु दोन्हींचें बळ साक्ष देणाऱ्याच्या सचोटींत आहे, एवढें खचित. आम्हीं ओटीवरून न उठतां दामटून वाटोळा चेहरा काढविला असता, तर आज तो भिंतीवर असता, सर्वांनीं त्याला नमस्कार केला असता, आणि तो कोणाचाच नसता.

घरीं आल्यावर बंधूंना चित्र दाखविलें. ते दरवर्षीं अविधवा नवमीला आईचें श्राद्ध करतात. नांव आणि गोत्र उच्चारतात. चित्र बराच वेळ पाहून ते म्हणाले, “दादा, इतकीं वर्षें मी वसुरूप म्हणत आलों. रूप कसें तें ठाऊक नव्हतें.” मग कन्येला म्हणाले, “खालीं आईचें नांव लिही, मोठ्या अक्षरांत.”

पोरीनें नांव लिहिलें. पण मोठ्या अक्षरांत नव्हे. तिनें चित्र उलटें केलें, आणि पाठीमागें बारीक पेन्सिलीनें आजीचें नांव, चित्र काढल्याची तारीख, आणि त्याखालीं एक ओळ लिहिली : “आत्याआजींच्या सांगण्यावरून. ओठ व कान अंदाजानें.” बंधूंनीं तें वाचलें आणि मान डोलावली.

वाचकहो, ज्यांच्या घरीं अशी एखादी आत्या आहे, त्यांनीं कादंबरी मागाहून वाचली तरी चालेल. आधीं गांवीं जाऊन यावें. आणि मुलांनीं ओटीवर बसा म्हटलें, तर मुकाट्यानें बसावें.

पुस्तक आतां बंधूंच्या खोलींत आहे. सूनबाईंनीं दोनदां मागितलें. अजून शेवटचीं प्रकरणें राहिलीं आहेत असें ते सांगतात.